बेटावरचा कडू घास

दारातल्या मेपलची शेवटची पानं गळतात, गावातल्या बसच्या काचांवर आतून वाफ धरायला लागते, युनिव्हर्सिटीची पोरं सायकलवर कानटोप्या घालून दिसायला लागतात, आणि ॲन आर्बरच्या समस्त मराठी बायकांना चकलीची भाजणी आठवते. मला सूड आठवतो. थंडीत जुना गुडघा दुखतो तसा तो दर नोव्हेंबरात दुखतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या दुखण्याची मी वाटही बघते.

याच सुमारास आमच्या ग्रूपवर शुभांगीचा मेसेज येतो. फराळ आणि स्लाइड शो, आमच्याकडे, शनिवारी दुपारी, कोणी काही आणू नका. ही बाई आपल्या बेसमेंटमध्ये मोठ्या टीव्हीवर प्रवासाचे फोटो दाखवते आणि आम्ही सगळे चकल्या खात ते बघतो. मीही जाते. चांगली साडी नेसून पुढच्या रांगेत बसते. माझी मुलगी इरा तिकडे ॲरिझोनात, चँडलरला इंजिनियर आहे. ती फोनवर म्हणते, "आई, जस्ट स्टॉप गोइंग. व्हाय डू यू डू धिस टू युअरसेल्फ?" तिला कसं समजवायचं? मैत्री तोडली, तर सूड उगवायला माणूस कुठून आणू?

तर आधी बातमी सांगून टाकते. बातमी पोटात ठेवून गोष्ट रंगवायची मला आता चीड आहे. माझी आई अकोल्याच्या दवाखान्यात माझं नाव घेत होती, आणि तिथून लावलेला फोन जिच्या हातात वाजला त्या शुभांगीनं मला ते सांगितलं नाही. मी त्या वेळी इटलीच्या पायथ्याशी, समुद्रातल्या एका धुमसत्या बेटावर उन्हात हसत होते. आईशी दोन शब्द बोलता आले असते. ते दोन शब्द या बाईनं खाल्ले.

प्रवासाच्या बाबतीत शुभांगीचं एक तत्त्व आहे. सीझनला कुणीही सोम्यागोम्या जातो. गाव बघायचं तर ऑफ सीझनला. म्हणून काही वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आम्ही दोन जोडपी निघालो. ती आणि मोहन, मी आणि श्रीकांत. कुठं जायचं यावर वाद झाला तेव्हा स्ट्रॉम्बोली हे नाव मीच काढलं. दहावीच्या भूगोलात गाळलेल्या जागा भरा असायच्या, त्यात हे हमखास यायचं. भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ कोणत्या ज्वालामुखीला म्हणतात? आयुष्यात आपण पाठ केलेल्या एका तरी उत्तरावर पाय ठेवून बघावा, एवढीच माझी इच्छा होती.

आणि शुभांगीचं तत्त्व बरोबर होतं, हे मला कबूल करावं लागतं. ऑफ सीझनचं गाव घरच्या कपड्यांत असतं. बोटीतून उतरलो तर धक्क्यावर आमच्याखेरीज चार गावकरी आणि दोन मांजरं. हॉटेलांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, होड्या वाळूवर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या. वाळू काळी, तव्याच्या बुडासारखी. पांढरी चौकोनी घरं, भिंतींवरून लोंबणारी लिंबं, आणि अरुंद गल्ल्यांतून सामान वाहणाऱ्या तीनचाकी ॲपे, थेट अकोल्याच्या स्टेशनाबाहेरच्या. श्रीकांत त्यातल्या एकीत बसून मला म्हणाला, "मेधा, चल, राजेश्वर मंदिर, दहा रुपये सीट." मी पोट धरून हसले. त्या बेटावर मी फार हसले, हेच तर दुखणं आहे.

आम्ही भाड्यानं घेतलेल्या घराची मालकीण कार्मेला नावाची म्हातारी होती. काळा स्वेटर, काळा स्कर्ट, पायात पुरुषी बूट. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि आम्हाला तिची भाषा. शुभांगी फोनवर भाषांतर करून तिच्याशी बोलायची. बेटावरची माणसं ज्वालामुखीला नावानं हाक मारत नाहीत, नुसतं 'इद्दू' म्हणतात, म्हणजे 'तो', हे असंच कळलं. आमच्या अकोल्याच्या शेजारीणकाकू नवऱ्याबद्दल असंच बोलायच्या. 'ते' उठले, 'ते' चिडले. इथंही तो सकाळपासून चिडलेलाच असायचा. थोड्या थोड्या वेळानं वरच्या मजल्यावर कुणी जड पलंग सरकवावा तसा आवाज यायचा, डोंगराच्या माथ्यावर राखी धूर उठायचा, आणि गावात कुणी मान वर करायचं नाही. हवेत काडी ओढल्यावर येतो तसा वास. सकाळी उठलं की ओट्यावर काळी बारीक राख पडलेली असायची आणि कार्मेला ती खराट्यानं काढायची, आपण सडा घालायच्या आधी झाडतो तशी.

आमच्या चौघांत परदेशात चालणारा फोन एकच होता, शुभांगीचा. तोच नंबर मी दादाला, माझ्या भावाला, देऊन ठेवला होता. आईची तब्येत तशी ठणठणीत होती. निघायच्या आदल्या रविवारी तिचा फोन झाला तेव्हा तिनं नेहमीचा प्रश्न विचारला होता, "कढीपत्ता आत घेतलास का?"

हा कढीपत्ता म्हणजे एक प्रकरण होतं. आई एकदाच अमेरिकेला आली होती, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं कुंडीत एक रोप लावून दिलं होतं. उन्हाळाभर ते मागच्या डेकवर राहायचं, आणि बर्फ पडायच्या आत त्याला घरात आणावं लागायचं. अकोल्याच्या उन्हात, जिथं मे महिन्यात नळाचं पाणीसुद्धा हात भाजतं, तिथं बसून ही बाई मिशिगनच्या गारठ्याची चौकशी करायची. तिला माझ्या प्रमोशनचं नाव कधी लक्षात राहिलं नाही, पण आमच्याकडे थंडीची पहिली लाट कधी येते हे तिला तोंडपाठ होतं. त्या वर्षी निघायच्या गडबडीत कुंडी बाहेरच राहिली. विमानतळाला जायच्या सकाळी बघितलं तर सगळी पानं काळी पडून मान टाकून लोंबत होती. टॅक्सी दारात उभी होती. मी दार लावलं आणि निघाले.

बेटावर दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या वाटेला लागलो. शुभांगीचा गुडघा धरला होता म्हणून ती खालीच थांबली. वाटेत उंच बोरूची बनं, फड्या निवडुंगाची लालचुटूक बोंडं, आणि पायाखाली चुरचुरणारी राख. वर एका वळणावर बसून मी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. समोर निळाशार समुद्र, मागे त्याचा गुरगुराट. मला दहावीतली ती गाळलेली जागा आठवली, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "स्ट्रॉम्बोली. एक मार्क." श्रीकांतनं टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी, नंतर मी हिशेब लावला तेव्हा कळलं, खाली ओट्यावर शुभांगीच्या हातात फोन वाजत होता. आईला झटका आला होता. ती शुद्धीवर होती, बोलत होती, आणि 'मेधाला लावा' म्हणत होती.

आम्ही उतरलो तेव्हा वारा सुटला होता. शुभांगी दारात उभी होती. "कसा झाला ट्रेक?" म्हणाली. मी सांगत बसले आणि ती ऐकत बसली. मग तिनं श्रीकांतला चहाच्या निमित्तानं आत बोलावलं. तिथं काय ठरलं ते त्यानंच मला पुढे सांगितलं. समुद्र खवळलाय, बोटी बंद झाल्यात, सांगून काय होणार, ही इथं रडत बसेल. सिसिलीला पोचलो की सांगू. तसं ठरलं, आणि चहा घेऊन दोघं बाहेर आले. माझ्या कपात साखर बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. मी त्या दिवशी बेटावर वाऱ्यात कपडे वाळत घातले, मांजराला दूध पाजलं, खिडकीत बसून समुद्राच्या लाटा धक्क्यावर कशा चढतात ते बघितलं. दुपारी आम्ही बदाम सात खेळलो. मी सगळे डाव जिंकले. पत्त्यांत मी जन्मात कधी जिंकलेली नाही. श्रीकांतच्या हातात इस्पिकची अठ्ठी असूनही तो 'पास' म्हणाला, तेव्हा तरी मला शंका यायला हवी होती. मी म्हटलं, "बेट लाभलं बरं का मला."

आणि मग कार्मेला आली. हातात फडक्यानं बांधलेलं मोठं पातेलं. मी गॅसवर भात टाकायच्या बेतात होते, तर तिनं माझा हात धरून मला बाजूला केलं आणि गॅस स्वतः बंद केला. पातेल्यात मसुरीची घट्ट आमटी होती आणि तिच्यात पास्त्याचे तुकडे, म्हणजे आपल्या वरणफळांची मावसबहीणच. तिनं मला खुर्चीवर बसवलं, वाढलं, माझे दोन्ही हात आपल्या खरखरीत हातांत धरले आणि काहीतरी हळू आवाजात बोलली. मला वाटलं, काय अगत्य आहे या बाईचं. मी म्हटलं, "शुभांगी, फोटो काढ ना आमचा, पातेल्यासकट." आणि शुभांगीनं काढला. मी दात दाखवून हसतेय, कार्मेला माझ्याकडे बघतेय, मागे खिडकीत त्याचा धूर.

बोट कधी सुटणार हे विचारताना शुभांगीनं कार्मेलाला सगळं सांगितलं होतं. त्या मुलखातही मेलेल्या माणसाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी शिजवून आणतात. आपल्याकडे कडू घास म्हणतात तोच. माझ्या आईचा कडू घास मला समुद्रापलीकडच्या एका परक्या म्हातारीनं भरवला, आणि मी तो 'डिलिशियस' म्हणत दोनदा मागून घेतला. जिला माझी भाषा येत नव्हती तिनं मला सांगायचा प्रयत्न केला, आणि जिला येत होती तिनं फोटो काढला.

चार-पाच दिवसांनी वारा पडला, बोट सुटली. सिसिलीतल्या मिलाझ्झोच्या धक्क्यावर सामान उतरवल्यावर श्रीकांत म्हणाला, "मेधा, जरा बस इथं." मी सुटकेसवर बसले. त्यानं सांगितलं. मी विचारलं, "केव्हा?" तर उत्तर द्यायच्या आधी त्यानं शुभांगीकडे बघितलं. ती पाण्याची बाटली उघडून तयार उभी होती. बाटली मी घेतली नाही. तिथून पुढच्या सगळ्या विमानांत मी कुणाशीही बोलले नाही.

अकोल्याला पोचले ती थेट दहाव्याला. दादा अंगणात माणसांत बसला होता. मला बघून उठला, जवळ आला आणि एवढंच म्हणाला, "फोन तरी करायचास गं." मी सांगितलं, मला कळवलंच नाही. तर भोवतीचे काका, मामा, आत्या सगळ्यांनी माना डोलावल्या. "बरोबरच केलं त्यांनी. प्रवासात कशाला सांगायचं? समजूतदार माणसं आहेत." ज्यांनी मला लुटलं त्यांचं कौतुक माझ्याच आईच्या अंगणात चाललं होतं, आणि माझ्या बाजूनं बोलायला तिथं कुणी नव्हतं.

आपली जातच अशी. पेपर संपू दे, मग सांगू. जेवण होऊ दे. पाहुणे जाऊ देत. तिला दिवस गेलेत, तिच्या कानावर नको. माझे आजोबा माझ्या दहावीच्या परीक्षेत गेले. मला मामाकडे झोपायला पाठवलं आणि सांगितलं की आजोबांना बरं नाही, गलका नको. भूगोलाचा शेवटचा पेपर देऊन मी घरी आले तर त्यांची खाट भिंतीला उभी करून ठेवलेली. त्या पेपरात मी स्ट्रॉम्बोली लिहिलं होतं, बरोबर आलं होतं. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि मला राग कुणावर धरावा हे कळलं नाही. पन्नाशीत पुन्हा तेच झालं, तेव्हा मात्र मला नेमकं कळलं.

श्रीकांतचं उट्टं मी घरच्या घरी काढते. तो क्रिकेटची मॅच रेकॉर्ड करून ठेवतो, ऑफिसातून येतो, हातपाय धुतो, चिवड्याची बशी घेऊन टीव्हीपुढे बसतो. मी स्वयंपाकघरातून सांगते, "हरले. शेवटच्या ओव्हरला." तो म्हणतो, "मेधा, अगं काय हे यार." मी म्हणते, "बातमी लगेच सांगावी." गेली काही वर्षं त्यानं एकही मॅच न कळता बघितलेली नाही. त्यानं माफी मागितली आहे, अनेकदा, रडूनसुद्धा. मी ती घेतली. मॅचचा निकाल सांगणं चालू ठेवलं.

शुभांगीच्या वाट्याला मी जास्त निगुतीनं गेले. तिला मी सगळं सांगते, ताबडतोब, सगळ्यांदेखत. साडीला मागे डाग पडलाय. करंज्या वातड झाल्यात. तुझ्या सुनेनं तू दिलेला ड्रेस परत केला, मला दुकानात भेटली होती. मंडळात म्हणतात, मेधाताईच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणोत. शुभांगी हसते आणि 'थँक यू हं' म्हणते. तिला माहीत आहे हे कशाबद्दल आहे. एकदा, फक्त एकदा, तिनं विषय काढला होता. "मेधा, मला वाटलं तुझं भलं होईल." मी म्हटलं, "माझ्या भल्याचं मला बघू द्यायचंस." त्यानंतर ती त्या वाटेला गेली नाही, आणि तो फोटो मात्र दरवर्षी तिच्या स्लाइड शोमध्ये येत राहिला. मी काढून टाक म्हटलं नाही. माझा राग ताजा ठेवायला तो मला उपयोगी होता.

या वर्षीही आला. बेसमेंटमध्ये तीस-पस्तीस माणसं, हीटरची ऊब, चिवड्यातल्या खोबऱ्याचा वास. शुभांगीचा फोन टीव्हीला जोडलेला, आवाज बंद. टीव्हीवर मी हसतेय, हातात पातेलं, मागे धूर, आणि शुभांगी म्हणतेय, "ही आमची स्ट्रॉम्बोली ट्रिप, टोटली ऑफ सीझन, काय शांतता होती माहितीय?" तेवढ्यात माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. नंदू. शुभांगीचा पुण्याचा भाऊ. उन्हाळ्यात तो आला होता तेव्हा मीच त्याला विमानतळावरून आणलं होतं, तेव्हापासून नंबर होता. मी जिन्यापाशी जाऊन उचलला.

"मेधाताई, शुभाताई फोन उचलत नाहीये. बाबा आयसीयूत आहेत. डॉक्टर म्हणतात, आजची रात्र कठीण."

"बोलतायत का?"

"हो, बोलतायत थोडं. शुभा कुठाय म्हणतात. पण तुम्ही लगेच नका सांगू हं. तिचा कार्यक्रम आहे ना आज? पाहुणे गेले की हळूच सांगा. फक्त तुमच्या कानावर घातलं."

मी "बरं" म्हटलं, फोन चालूच ठेवायला सांगितला, आणि जागेवर येऊन बसले. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते माझ्या मुठीत आपण होऊन येऊन बसलं होतं. समोर शुभांगी हातवारे करून ज्वालामुखीचा आवाज कसा येतो ते सांगत होती आणि लोक हसत होते. तीही हसत होती. तिला माहीत नव्हतं, मला माहीत होतं. मी बशीतली चकली उचलली आणि पूर्ण खाल्ली. खुसखुशीत होती. दुसऱ्याची बातमी पोटात ठेवून त्याच्याकडे बघताना कसं वाटतं हे मला तेव्हा कळलं. चांगलं वाटतं. आपण फार मोठे, फार समजूतदार आहोत असं वाटतं. हेच सुख या बाईनं माझ्या जिवावर बेटावर उपभोगलं होतं, आणि ते कळल्यावर माझं डोकं जे सणकलं ते सणकलं.

मी उठले, टीव्हीसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "शुभांगी, तुझे बाबा आयसीयूत आहेत. सीरियस आहेत. आज रात्री काही होऊ शकतं. फोनवर नंदू आहे. बोल."

कुणीतरी "अगं, असं काय" म्हणालं. माझ्या आवाजात माया नव्हती, ती मी मुद्दामच ठेवली नव्हती. शुभांगीचा चेहरा पांढरा पडला. तिनं फोन घेतला आणि कपडे धुवायच्या खोलीत शिरली. दार अर्धं उघडं राहिलं. ड्रायरला पाठ लावून ती जमिनीवर बसली, आणि आम्ही तीस-पस्तीस माणसं तिचं "हो बाबा, हो बाबा, मी इथंच आहे" ऐकत उभे राहिलो. नंतर ती बाहेर आली तेव्हा तिला जे मिळालं ते तिच्या तोंडावर लख्ख दिसत होतं. मला तेच दाखवायचं होतं. तू माझं काय नेलंस ते बघ. हातात घेऊन बघ. वजन केवढं आहे बघ. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला पक्कं कळलं की तिला कळलं. तिथं जमलेल्या बायकांना वाटलं मी क्रूर आहे. मला त्या दुपारी इतकं हलकं वाटलं होतं की काय सांगू.

तिचे बाबा पुण्याच्या पहाटे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पातेलं घेऊन तिच्याकडे गेले. पिठलं-भात नेता आला असता, रिवाज तोच आहे. मी मसुरीच्या आमटीत वरणफळं सोडली होती. मोहननं दार उघडलं. शुभांगी विमानात घालायचे कपडे इस्त्री करत होती आणि गॅसवर चहाचं आधण ठेवलेलं होतं. मी गॅस बंद केला. तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि वाढलं. तिनं पानाकडे बघितलं आणि काय आहे ते ओळखलं. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग चमचा ठेवला.

"मेधा, तुला एक सांगायचं राहिलंय."

"सांग."

"त्या दिवशी फोन आला ना. दादांनी तो आईंच्या कानाला लावला. त्यांना वाटलं तू तिथंच आहेस. तू तर वर होतीस. आई 'मेधा' म्हणाल्या."

मी उभीच होते. मोहन खोलीतून बाहेर गेला.

"मी 'हो आई' म्हटलं. दुसरं काय म्हणणार? सुचलंच नाही काही."

"मग?"

"त्यांनी विचारलं, 'कढीपत्ता आत घेतलास का?' मला काही संदर्भच नव्हता गं. मी म्हटलं, 'हो आई, घेतला.' मग त्या 'बरं' म्हणाल्या. तेवढंच. मग दादांनी फोन घेतला, त्यांना मी सांगितलं तू डोंगरावर आहेस."

"हे इतकी वर्षं का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. आधी तू बोलत नव्हतीस. मग बोलायला लागलीस तर, मग वाटलं हे ऐकून तू अजूनच…" तिनं पान जरा पुढे सरकवलं. "माझ्याकडून तुझं तेही गेलं."

"हो," मी म्हटलं, "तेही गेलं." आणि तिला उरलेलं संपवायला लावलं. पातेलं घासून घेतलं, डोक्यावर टोपी ओढली आणि बाहेर पडले.

गाडीत बसले पण किल्ली फिरवली नाही. विंडशील्डवर बारीक बर्फ पडायला सुरुवात झाली होती, या वर्षीचा पहिला. शुभांगीनं माझ्या जागी बसून, माझ्या नावानं, माझ्या आईला खोटं सांगितलं होतं, आणि आई ते खरं मानून 'बरं' म्हणून गेली होती. त्याचा राग यायला हवा होता आणि आलाच. माझ्या आईचं शेवटचं 'बरं' तिच्या कानात आहे, माझ्या नाही. याला क्षमा नाही, हे मी पुन्हा एकदा नीट ठरवलं.

पण त्या रागाच्या तळाशी ती टॅक्सीची सकाळ होती. काळी पडलेली पानं बघून दार लावताना मी एक गोष्ट ठरवली होती. आईला सांगायचं नाही. बाजारातून नाही तर कुणा मैत्रिणीकडून दुसरं रोप आणायचं, त्याच कुंडीत लावायचं, आणि विचारलं की म्हणायचं, हो आई, घेतला आत, छान आहे. म्हातारीचा जीव कशाला वर-खाली करायचा? बेटावर तो फोन माझ्याच हातात असता, तर मीही अक्षरशः तेच बोलले असते, त्याच शब्दांत.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं सगळं गाव म्हणतं. म्हणू देत. बाबांचे दिवस करून शुभांगी परवा पुण्याहून येईल, पुढच्या वर्षी पुन्हा फराळाचा मेसेज येईल, मी पुन्हा पुढच्या रांगेत बसेन. तिनं त्या दिवशी माझ्या आईला मी दिलं असतं तेच उत्तर दिलं, हे समजलं तर तिच्या मनावरचा धोंडा उतरेल. एवढी एक बातमी मी तिला सांगणार नाही.